युद्धखेळांचं मासिक बंद पडतं तेव्हा नेमकं काय जातं?

प्रश्न : मी पुण्यात राहतो. काही वर्षांपासून आम्ही चौघं मित्र टेबलावर छोटे सैनिक मांडून युद्धखेळ खेळतो. ज्या इंग्रजी मासिकाची वर्गणी मी भरत होतो ते बंद होत असल्याचं पत्र आलं आहे. सध्या आम्ही असईची लढाई मांडतोय, तिची मूळ मांडणीही त्याच मासिकातली. उरलेल्या वर्गणीचं काय होतं? जुने अंक जमवावेत का? आणि मासिकच गेलं तर आमच्यासारख्या लांबच्या खेळाडूंनी पुढे काय करायचं? तुम्ही अमेरिकेत हे सगळं आधी पाहिलेलं आहे, म्हणून विचारतो.

उत्तर :

पैशांचं आधी सांगतो, कारण त्या कामाला मुदत असते. बाकीचं निवांत बोलू.

आलेलं पत्र पुन्हा नीट वाचा आणि तीनपैकी काय झालंय ते शोधा. प्रकाशक धडधाकट आहे आणि फक्त हे मासिक थांबवतोय? मासिक दुसऱ्या कुणाला विकलंय? की प्रकाशन संस्थाच बुडाली आहे? पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा उरलेल्या अंकांचे पैसे परत मिळतात किंवा त्याच प्रकाशकाचं दुसरं मासिक तुमच्या गळ्यात घातलं जातं. ते नको असेल तर लगेच लेखी कळवा, गप्प बसलात तर तुमचा होकार धरला जाण्याची शक्यता असते. संस्था बुडाली असेल तर तुम्ही धनकोंच्या रांगेत पार शेवटी, बँका आणि कामगार यांच्या मागे उभे आहात. तिथून फारसं काही हाती लागत नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवा, पण त्याला ठरावीक दिवसांची मर्यादा असते, तेव्हा आजच.

सगळ्यात फसवा प्रकार दुसरा. मासिक विकलं गेलं म्हटल्यावर वर्गणीदाराला वाटतं की चला, नाव तेच राहिलं, अंक येत राहतील. १९८२ साली ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’च्या वर्गणीदारांनाही तसंच वाटलं होतं. हे मासिक १९६७ मध्ये ख्रिस वॅग्नर या अमेरिकी हवाई दलातल्या माणसाने जपानमध्ये नेमणुकीवर असताना सुरू केलं. पुढे १९६९ मध्ये ते जिम डनिगनने एका डॉलरला घेतलं आणि अठराव्या अंकापासून प्रत्येक अंकात एक अख्खा खेळ द्यायला सुरुवात केली. नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, नियम, सगळं. न्यू यॉर्कची एसपीआय ही कंपनी या मासिकावर उभी राहिली. ती कर्जात बुडाल्यावर टीएसआर या दुसऱ्या खेळकंपनीने तिला सव्वाचार लाख डॉलर कर्ज दिलं, कंपनीची मालमत्ता तारण ठेवून घेतली आणि पंधरा दिवसांच्या आसपास कर्ज परत मागितलं. एसपीआयकडे द्यायला पैसे कुठून असणार? मालमत्ता टीएसआरकडे गेली. मग टीएसआरने भूमिका घेतली की आम्ही मालमत्ता घेतली आहे, देणी नाही; आधीच्या वर्गण्या आम्हाला लागू नाहीत. त्यात आजीव वर्गणी भरलेले लोकही होते. मासिकाचं नाव टिकलं, पण सर्वात निष्ठावान वाचक एका फटक्यात दुरावला आणि खप पुन्हा पूर्वीच्या उंचीवर कधी गेला नाही. तेव्हा मासिक विकलं गेलं असेल तर नव्या मालकाला एकच प्रश्न विचारा : जुन्या वर्गण्यांची जबाबदारी तुम्ही घेतली आहे का? उत्तर लेखी मागा.

आता मोठा प्रश्न, छंदाचं काय होतं?

मी मेरीलँडमध्ये राहतो आणि माझा पिंड षटकोनी घरांच्या नकाशावर खेळणाऱ्याचा आहे, तुमच्यासारखा रंगवलेल्या सैनिकांचा नाही. त्यामुळे मला जवळून माहीत असलेलं उदाहरण ‘द जनरल’चं. बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीचं हे द्वैमासिक मे १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९८ मध्ये बंद पडलं. शेवटी शेवटी मीही वर्गणीदार होतो. त्याच्या जाण्याने काय झालं हे बघून माझं एक मत पक्कं झालं. युद्धखेळाचं मासिक हे वाचनाचं साहित्य कमी आणि यंत्रणा जास्त असतं. लेख मागे राहतात, कुणाच्या तरी माळ्यावर सापडतात. मोडते ती यंत्रणा, आणि तिचा जो भाग कुणीतरी उचलून खांद्यावर घेतो तेवढाच जगतो. बाकीचा कुणाच्या लक्षातही न येता नाहीसा होतो.

यंत्रणा म्हणजे काय, ते जरा तपशिलात सांगायला हवं, कारण आज फोनवर प्रतिस्पर्धी मिळणाऱ्या माणसाला याची कल्पना येत नाही.

चार्ल्स रॉबर्ट्सने १९५८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल काढली आणि ‘गेटिसबर्ग’, ‘टॅक्टिक्स टू’ असे खेळ दुकानांत आणले. १९६३ पर्यंत कंपनी कर्जात होती आणि तिचं देणं थकलेल्या छापखान्याने, म्हणजे मोनार्कने, ती ताब्यात घेतली. टॉम शॉ कारभार बघू लागला. अडचण धंद्याची होती तशीच गिऱ्हाइकाचीही : नेब्रास्कातल्या एखाद्या गावात चौदा वर्षांच्या पोराने ‘अफ्रिका कोअर’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा खेळ विकत घेतला, पण खेळणार कुणाशी? धाकटी बहीण एकदा बसेल, दुसऱ्यांदा नाही. ‘द जनरल’चं पहिलं काम या पोराला प्रतिस्पर्धी मिळवून देणं हे होतं. ‘प्रतिस्पर्धी पाहिजे’ या सदरात नाव, पत्ता, वय, कोणते खेळ, समोरासमोर की पोस्टाने, अशा बारीक टायपातल्या जाहिराती यायच्या. जुन्या अंकांत त्या वाचताना आजही मजा येते. आपण अजिंक्य आहोत अशी प्रौढी मिरवणारी पोरं आणि क्लबांना जर्मन पलटणींची नावं देण्याची हौस, जी आज कुणी केली तर लोक उठून जातील आणि योग्यच करतील. पण त्याच बारीक टायपातून जुळलेल्या जोड्या पुढे चाळीस-चाळीस वर्षं खेळत राहिल्या.

पोस्टाने खेळायचं म्हणजे फासा कुणी टाकायचा? दोघांमध्ये हजार मैल. तुम्ही म्हणालात सहा पडले, तर मी का विश्वास ठेवू? यावर अ‍ॅव्हलॉन हिलने काढलेली युक्ती मला अजूनही या छंदातल्या सर्वात सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. न्यू यॉर्कच्या शेअर बाजाराला त्यांनी फासा केलं. तुम्ही आपली चाल लिहायची, कोणती तुकडी कुठल्या घरात, आणि प्रत्येक हल्ल्यापुढे बाजारातल्या एका कंपनीचं नाव आणि पुढची एक तारीख. ती तारीख पोस्टाच्या शिक्क्यानंतरचीच असली पाहिजे, म्हणजे दोघांनाही आकडा आधी कळायचा नाही. त्या दिवशीचं वर्तमानपत्र आलं की शेअरच्या पानावर त्या कंपनीच्या किती शेअरांची उलाढाल झाली ते बघायचं. तो आकडा शेकड्यांत, म्हणजे शेवटची दोन शून्यं गाळून, छापलेला असे. त्याचा शेवटचा अंक घ्यायचा आणि पोस्टाच्या खेळासाठी दिलेल्या खास निकालतक्त्यावर ताडून बघायचा. बाजाराला तुमच्या टेबलावरच्या टोब्रुकच्या लढाईशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे लबाडीला वावच नाही. एखादा डाव वर्ष-दोन वर्षं चाले. पंधरा वर्षांची मुलं शेअर बाजाराचं पान रोज उघडत आणि बाजार चढला की पडला याकडे ढुंकूनही बघत नसत.

दुसरं काम नियमांचं. या खेळांची नियमपुस्तिका कितीही बारकाईने लिहिली तरी भोकं राहतातच. नदीच्या पलीकडून हल्ला केला आणि त्याच घरात किल्ला असला तर बचावाचं बळ दुप्पट की चौपट? कंपनीला पत्र लिहायचं, सोबत आपला पत्ता आणि तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, प्रश्न शक्यतो ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असा घालायचा. निवडक प्रश्नोत्तरं ‘क्वेश्चन बॉक्स’मध्ये छापून येत. छापून आलं की विषय संपला. त्या अंकानंतर बोस्टनमध्ये आणि सॅन डिएगोमध्ये एकच नियम लागू. हे वाचायला रुक्ष वाटतं, पण स्पर्धा भरवायची तर हाच पाया असतो.

आणि तिसरं, ज्यासाठी बहुतेक लोक अंक उघडत, ते म्हणजे छापलेला डाव. दोन पट्टीचे खेळाडू एक अख्खा डाव खेळत, आपापल्या चालींमागचा विचार लिहीत, आणि तिसरा तटस्थ माणूस वेगळ्या टायपात दोघांचे वाभाडे काढत असे. ‘इथे जर्मनांनी राखीव दल खर्ची घातलं, याची किंमत तीन चालींनी मोजावी लागेल’, या धर्तीचं. मग तीन चालींनी खरंच मोजावी लागे, किंवा लागत नसे आणि समीक्षकाचीच जिरत असे. नवा खेळाडू यातून जे शिकत असे ते नियमपुस्तिकेत कुठेच नसतं. सोबत वादही चालत. ‘स्टालिनग्राड’ या १९६३ च्या खेळात रशियन फौज सुरुवातीला कुठे उभी करायची यावर तर वर्षानुवर्षं लेख येत राहिले. एकाने अभेद्य मांडणी छापली की पुढच्या एखाद्या अंकात दुसरा तिला भगदाड पाडून दाखवी. मधले दोन महिने उत्तर देणाऱ्याला ती मांडणी प्रत्यक्ष टेबलावर लावून बघायला मिळत. आज दोन मिनिटांत उत्तर येतं. ते टेबलावर लावून न बघता दिलेलं असतं, हे उत्तर वाचून लगेच कळतं.

खेळाडूंची क्रमवारी, अंकाबरोबर येणाऱ्या जादा सोंगट्या, वाचकांनी सोडवायचं कोडं आणि जिंकणाऱ्याला कंपनीच्या मालावर सूट, हेही होतं. त्यात फार शिरत नाही.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही होती. ‘द जनरल’ हे कंपनीचं मुखपत्र होतं. दुसऱ्यांच्या खेळांना तिथे जागा नसे आणि स्वतःच्या पडेल खेळांनाही चार गोड शब्द मिळत. डनिगन आणि त्याचा सहकारी रेडमंड सिमन्सन यांच्या ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ने हीच कोंडी फोडली. नव्वदच्या दशकात अंक उशिरा येऊ लागले, वाचक म्हातारे होत होते, नवी पोरं संगणकाकडे आणि पत्त्यांच्या खेळांकडे वळली होती. म्हणजे १९९८ हा अपघात नव्हता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मोनार्कने अ‍ॅव्हलॉन हिल साठ लाख डॉलरना हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीला विकली. कंपनीतल्या माणसांना घरी पाठवलं गेलं आणि बत्तिसाव्या खंडाचा तिसरा अंक शेवटचा ठरला. निरोपाचा अंक, संपादकाचं शेवटचं पत्र, असं काही साजरं होण्याइतका अवधीही नव्हता.

मग काय झालं, ते भागाभागाने बघा.

स्पर्धा जगल्या. डॉन ग्रीनवुड या माणसाने सत्तरच्या दशकात ‘द जनरल’ संपादित केलं होतं आणि १९९१ पासून तो ‘अ‍ॅव्हलॉनकॉन’ नावाचं वार्षिक संमेलन भरवत होता. कंपनी गेली, पण त्याच्याकडे खेळाडूंची यादी होती आणि कोणत्या खेळाला किती टेबलं लागतात हे माहीत होतं. खेळाडूंनी स्वतःची संघटना उभी केली आणि १९९९ मध्ये मेरीलँडच्या हंट व्हॅलीत ‘वर्ल्ड बोर्डगेमिंग चॅम्पियनशिप्स’ भरल्या. कंपनी जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आता ते संमेलन पेनसिल्व्हेनियात भरतं. क्रमवारीचं बाडही असंच स्वयंसेवकांनी सांभाळलं.

‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ हा एक खेळ जगला, आणि नुसता जगला नाही तर वाढला. १९८५ चा हा खेळ. नियम जाडजूड फायलीत सुट्या पानांवर, म्हणजे नियम बदलला की जुनं पान काढा, नवं घाला. असा खेळ सतत कुणीतरी सांभाळावाच लागतो, तो कपाटात ठेवून देता येत नाही. मल्टी-मॅन पब्लिशिंग या खेळाडूंच्याच कंपनीने हॅस्ब्रोकडून परवाना घेतला. त्या मंडळींत कर्ट शिलिंग हा बेसबॉलचा नामांकित पिचर होता. या खेळाला वाहिलेलं त्यांचं ‘जर्नल’ १९९९ पासून निघू लागलं. शेअर बाजाराच्या फाशाची जागा इंटरनेटने घेतली. याच खेळासाठी नव्वदच्या दशकात लिहिलेल्या ‘व्हीएएसएल’ (VASL) या सॉफ्टवेअरवरून पुढे कुठलाही खेळ पडद्यावर मांडता येईल असं ‘व्हॅसल’ (VASSAL) तयार झालं. पुण्यात बसलेल्या तुमच्याशी मी इथे बसून डाव खेळू शकतो तो त्यामुळे.

न जगलेलं काय? एक म्हणजे आडवळणाने होणारी ओळख. अंकात मुखपृष्ठाचा लेख वॉटर्लूवर, मधे बॉम्बफेकी विमानांच्या एकट्याने खेळायच्या खेळावर दोन पानं, शेवटी पॅसिफिकमधल्या आरमारावर काहीतरी. मला आरमारात काडीचा रस नव्हता. पण अंक घरात पडलेला असायचा, जेवताना चाळला जायचा, आणि त्यातूनच मी आरमारी खेळ खेळू लागलो. नंतर प्रत्येक खेळाचे भक्त आपापल्या कोपऱ्यात गेले. तिथे ज्ञान जास्त आहे, खोल आहे, यात वाद नाही. पण वॉटर्लूवाल्याच्या हातात आरमार ठेवणारं कुणी उरलं नाही.

दुसरं, अंतिम शब्द. नियमाचा प्रश्न आजही कुणीतरी विचारतं आणि पाच जण पाच उत्तरं देतात, त्यातला एक खेळाचा मूळ रचनाकारही असतो आणि त्याचं उत्तर त्याच्याच आधीच्या उत्तराशी जुळत नाही. ज्या खेळांना कुणी वाली मिळाला नाही त्यांचे शेवटचे अधिकृत खुलासे ‘द जनरल’च्या कुठल्या ना कुठल्या अंकात गोठलेले आहेत. आणि तिसरं, नकार देणारा माणूस. संपादक लेख परत पाठवतो, तिसरा परिच्छेद आधी घ्या म्हणतो, हा डाव छापण्याइतका चांगला नाही म्हणतो. त्याची चीड येते. पण चांगलं लिहिणारे दहा खेळाडू त्यानेच तयार केलेले असतात.

उलट उदाहरणही सांगतो, म्हणजे माझं म्हणणं नुसतं गळा काढणं वाटायला नको. ‘डिप्लोमसी’ हा खेळ पोस्टाने खेळण्याची चळवळ १९६३ मध्ये जॉन बोर्डमनच्या ‘ग्रॉस्टार्क’ या घरगुती पत्रिकेतून सुरू झाली. अशा शेकडो पत्रिका निघाल्या आणि शेकडो बंद पडल्या. तरी चळवळ मोडली नाही. का? प्रत्येक डावाला एक अनुक्रमांक द्यायची पद्धत होती, आणि तो देण्याचं काम एका स्वयंसेवकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. पत्रिका मधेच बंद पडली तर त्यातले अर्धवट डाव दुसऱ्या पत्रिकेत हलवायचीही सोय होती. म्हणजे यंत्रणा मासिकाच्या बाहेर ठेवलेली होती. अ‍ॅव्हलॉन हिलने ती सगळी एका मासिकात, एका इमारतीत ठेवली होती.

आता तुमच्याकडे वळतो. तुमची परंपरा वेगळी आहे, सैनिक रंगवून टेबलावर मांडणाऱ्यांची. तिथे एका कंपनीची मक्तेदारी कधीच नव्हती आणि मासिकं बंद पडणं हे तर पहिल्यापासून चालत आलंय. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी शिशाचे सैनिक ओतायचा, त्याने १९५७ मध्ये ‘वॉर गेम डायजेस्ट’ काढलं. ते १९६२ मध्ये थांबलं आणि त्याच वर्षी इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोनने, जो पेशाने फिजिओथेरपिस्ट होता, ‘वॉरगेमर्स न्यूजलेटर’ सुरू केलं. ते १९८० पर्यंत चाललं. १९८३ मध्ये डंकन मॅकफार्लेनने ‘मिनिएचर वॉरगेम्स’ काढलं, आणि चारच वर्षांत त्यातून बाहेर पडून ‘वॉरगेम्स इलस्ट्रेटेड’. या परंपरेत एक बंद होतं तेव्हा बहुधा दुसरं कुठेतरी उगवतं. पण मधल्या काळात छोटे कारागीर मार खातात. गॅरेजमध्ये साचे बनवून मराठा घोडेस्वार किंवा तुर्की तोफा ओतणारा माणूस, ज्याची मासिकात पाव पान जाहिरात आणि वर्षातून एक परीक्षण हीच काय ती ओळख होती, त्याच्यापर्यंत नवं गिऱ्हाईक पोचणंच थांबतं. तुम्ही ज्याच्याकडून सैनिक मागवता त्याचा थेट पत्ता आणि ईमेल आजच वहीत उतरवून ठेवा. शेवटच्या अंकातल्या जाहिराती हा तुमच्यासाठी त्या अंकातला सर्वात उपयोगी भाग आहे, लेख नव्हे.

अंकांचं. डिजिटल अंक विकत घेतलेले असतील तर ते ‘आपले’ आहेत असं समजू नका. अ‍ॅपमध्ये दिसतात तोवर फाइल उतरवून घ्यायची सोय असेल तर घ्या, कारण अ‍ॅप बंद झालं की हात चोळत बसावं लागतं. कागदी अंक पुण्याच्या पावसाळ्यात गुळगुळीत कागदाचे असल्याने एकमेकांना चिकटतात, चिकटली पाने ओढली तर छपाई निघून येते. पलंगाखाली किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. मधल्या पिना गंजून कागद खातात, त्या काढून दोऱ्याने टाचा. कसर लागली आहे का ते दिवाळीच्या आवराआवरीत दरवर्षी बघा. आणि सगळ्यात आधी एक साधी सूची करा : कोणत्या अंकात कोणती लढाई, कोणत्या नियमांचा खुलासा, कोणता नकाशा. तुमच्या चौघांत मिळून ही एक वही असली तर अर्धी यंत्रणा तुमच्या हातात आली. स्वतःपुरतं स्कॅन करायला कुणी अडवत नाही, पण ते जगाला वाटू नका. लेखांचे हक्क कुणाकडे आहेत हे बहुधा पहिल्या एक-दोन पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा लेखक स्वतःच विचारलं तर परवानगी देतात.

असईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे तुमच्यासारख्यांची खरी गरज आहे. २३ सप्टेंबर १८०३ ची ही लढाई इंग्रजी मासिकांत लाडकी आहे, कारण ती वेलस्लीची, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या सेनापतीची आहे. पण मराठ्यांची बाजू मांडताना बहुतेक लेखक घोडेस्वारांचा एक विस्कळीत लोंढा टेबलावर ओततात आणि मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी की त्या दिवशी वेलस्लीला रक्तबंबाळ केलं ते शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने. पायदळाची कमान शिंद्यांच्या चाकरीतल्या अँथनी पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होती. वेलस्ली कैलना नदी ओलांडून बगलेवर आला तेव्हा या पलटणींनी अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर पुन्हा उभी केली. लढाईच्या ऐन तोंडावर असं फिरणं म्हणजे कवायत पक्की असल्याचा पुरावा. गोलंदाज तर तोफा सोडून हललेच नाहीत. इंग्रजांची पंधराशेवर माणसं मेली-जखमी झाली, त्यांच्या लहानशा फौजेच्या मानाने हे फार मोठं नुकसान. तुमच्याकडच्या मांडणीत पोलमनच्या पलटणींना फळी वळवायला परवानगी आहे का, की त्या जागच्या जागी बसवल्या आहेत? बसवल्या असतील तर ती मांडणी बदला. गाव जालना जिल्ह्यात आहे, पुण्याहून जाऊन येण्यासारखं. नदीचा उतार, दोन प्रवाहांमधली चिंचोळी जमीन आणि गावाची जागा स्वतः बघून नकाशा काढा. मग दुरुस्त मांडणी, तुमच्या चौघांनी दोनदा तरी खेळून बघितलेली, चालू असलेल्या एखाद्या मासिकाला पाठवा. परदेशी संपादकाला वेलस्लीवर लिहिणारे पन्नास मिळतात. ती जमीन पायाखाली घालून शिंद्यांच्या बाजूने लिहिणारा मिळत नाही.

नवं मासिक स्वतः काढायचा विचार डोक्यात आला असेल, तसा तो प्रत्येकाला येतोच, तर वर्गणी आगाऊ घेऊ नका. एक अंक तयार करा, विका, मग दुसरा. पुढच्या वर्षाच्या वर्गणीतून या वर्षीचा छापखाना भागवायचा, हा या धंद्यातला नेहमीचा खड्डा आहे. अंक विकत घेणारे दोनशे आणि लिहिणारे तीन असतील तर चिंता तिघांची करा.

शेवटचं, जुने अंक विकत घेण्याबद्दल. मासिक बंद झाल्याची बातमी पसरली की पहिले काही महिने भाव उगाच चढतात, तेव्हा थांबा. संपूर्ण संच घेऊ नका; तुम्ही खेळता त्या काळाचे आणि त्या नियमांचे अंक तेवढे निवडून घ्या, टपालखर्चच अंकाच्या किमतीहून जास्त बसतो. आणि पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून मधल्या पानांचा फोटो मागवा. घडीचा नकाशा किंवा सोबतचा तक्ता आधीच्या मालकाने काढून घेतलेला असेल, तर तो अंक मी तरी घेणार नाही.